एकोणचाळिसावा माणूस

३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. वही कंपनीचीच, मागच्या वर्षीची. तारखा खोडून नव्या घालतोय.

बातमी अशी. मालकीणबाईंनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, तीन नंबरच्या बसमधला पडदा फाटल्याचं कळलं. (तो मी फाडला नाही. धुताना आपोआप फाटला.) निघालं वेगळंच. पंधरा तारखेला, रविवारी, आपल्या देशातला एक मराठी ग्रुप इथे येतोय. अडतीस माणसं, बहुतेक पेन्शनर. 'एका दिवसात तीन राजकिल्ले' ही आमच्या टूर कंपनीची ट्रिप. आमच्या गाईडला मराठी येत नाही, तर मी सोबत जायचं आणि तो बोलेल ते मराठीत सांगायचं.

म्हणजे गाईडच. बाई 'दुभाषा' म्हणाल्या, पण ऑफिसातल्या माणसांना शब्द जपून वापरावे लागतात.

रविवार नीट पार पडला तर पुढच्या सीझनलाही ठेवते म्हणाल्या. नाहीतर तीस तारखेला कॉन्ट्रॅक्ट संपलं, परमिट संपलं, तू मोकळा. मोकळा म्हणजे घरी. घरी म्हणजे दादासमोर.

४ सप्टेंबर, बुधवार
माझी तयारी पूर्ण आहे. सात महिने बसगाड्या धुतोय, आतून आणि बाहेरून. आत पुसताना स्पीकर चालतो का बघायला किल्ल्यांचं रेकॉर्डिंग लावायचं असतं. रोज दोन वेळा. म्हणजे चारशेच्या वर वेळा मी ते ऐकलंय. इतक्या वेळा तर त्या राजानेही स्वतःचा इतिहास ऐकला नसेल. भाषा निम्मी कळते, उरलेली अंदाजाने. पहिला डोंगरावरचा किल्ला, तिथून राजाने उडी मारली. दुसरा पाण्यातला, तिथे कैदी ठेवायचे. तिसरा राणीचा महाल, तिथे आरसे.

किल्ले मी पाहिलेले नाहीत. पण काही माणसं पाहून शिकतात, काही ऐकून. मी नववी नापास झालो तो पाहून शिकायला लावल्यामुळे.

६ सप्टेंबर, शुक्रवार


ताईचा फोन. त्या अडतीस माणसांत ती आहे. तिच्या सासूबाईसुद्धा.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. घरी मी मार्चपासून गाईड आहे. खोटं असं नाही. दादाने फोनवर विचारलं, काय काम करतोस, आणि मागे रेकॉर्डिंग चालू होतं. मी म्हटलं, ऐकू येतंय ना. बाकीचं त्याने ठरवलं.

निघालो तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, गॅरेजमध्ये वीस दिवस, टायरच्या दुकानात दीड महिना, छापखान्यात तर पगाराआधीच बाहेर. हा कुठे टिकलाय म्हणून तिथे टिकेल? तीन महिन्यांत बॅग घेऊन दारात उभा राहील. घरात कुणी काही बोललं नाही. एकटी ताई म्हणाली, या वेळी टिकेल, माझा शब्द. ताईचा शब्द तिच्या सासरीही गेला. आणि सासरी गेलेला शब्द परत येत नाही, त्याला तिथे रोज टोमणे खावे लागतात.

सासूबाई म्हणे म्हणाल्या, चल तर मग, बघू या तुझा भाऊ कुठला राजवाडा दाखवतो ते. ताईने मुद्दाम आमचीच कंपनी निवडली.

मी म्हटलं, वा, फारच छान. आवाज माझाच होता का ते माहीत नाही.

८ सप्टेंबर, रविवार
संकल्प: १) रोज आरशासमोर अर्धा तास भाषण. २) चालताना कंबर ताठ. ३) नखं खायची नाहीत.
तिसरा दुपारी मोडला. पहिल्या दोघांना जरा वेळ देतो.

१० सप्टेंबर, मंगळवार
गाईडला भेटलो. उंच, वाळका, दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघतो. शेडमध्ये आम्ही त्याला घड्याळबुवा म्हणतो. (तो आम्हाला काही म्हणत नाही. त्याला आम्ही दिसत नाही.) त्याला सांगितलं, रविवारी तू हळूहळू आणि थोडंच बोल, मला जास्त बोलावं लागेल. तो माझ्याकडे बघत राहिला, मग घड्याळाकडे.

तरी जाता जाता एक सल्ला दिला. म्हणाला, इतिहास चुकला तर कुणी मरत नाही. माणसं मोजायला चुकू नकोस. प्रत्येक वेळी, बस हलायच्या आधी.

मोजणी! सात महिन्यांनी पहिल्यांदा बोलला आणि काय, तर मोजणी.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
झोप नाही. ताईचे तीन मेसेज. शेवटचा: आई (म्हणजे सासूबाई) बसमधल्या सगळ्यांना सांगणार आहेत की गाईड आमचा आहे. नीट कर रे बाबा. माझी मान तुझ्या हातात आहे.

मी अंगठ्याची खूण पाठवली.

१४ सप्टेंबर, शनिवार
संध्याकाळपर्यंत एक नंबरची बस धुतली. अशी धुतली की बस मलाच ओळखेना. काचा तीन वेळा. पायऱ्यांना नवं पॉलिश, ज्याच्यावर 'जपून वापरा' लिहिलंय. जपूनच वापरलं, अख्खा डबा.

१५ सप्टेंबर, रविवार
पहाटे ५.५०, शेड.
घड्याळबुवा पहिल्या पायरीवर चढला, दुसऱ्या पायरीवर घसरला आणि तिसरी त्याने बसूनच पार केली. घोटा सुजून भोपळा. मालकीणबाईंनी गाडीत घालून दवाखान्यात पाठवला. माणूस सारखा घड्याळात बघणार तर पायाखाली काय बघणार?

६.१५
देव आहे. बाई म्हणाल्या, रविवारी दुसरा गाईड कुठून आणू? तू एकटा नेशील का? पाठ आहे म्हणतोस ना? मी हो म्हटलं. मोजता येतं ना? मी म्हटलं, बाई, मी शंभराच्या पुढेही मोजतो. त्यांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने मला झेंडा दिला. पिवळा, लांब दांडीचा. लोक त्याच्यामागे चालतात. कोटही मिळाला, घड्याळबुवाचा. बाह्या दोनदा दुमडल्या.

मग बोट दाखवून म्हणाल्या, आज एक जरी चूक झाली ना, तर तीसची वाट बघायची नाही.

८.१५, हॉटेलसमोर.
ताई आली. बारीक झाली आहे. माझा हात हातात घेतला आणि सोडेचना. म्हणाली, हे हात कसले रे झालेत? कातडी किती सोलली आहे? मी म्हटलं, झेंडा धरून. ती झेंड्याच्या दांडीकडे बघत राहिली.

सासूबाईंना काकू म्हणतो. त्या म्हणाल्या, या गाईडसाहेब, कोट कुणाचा? काकूंना बस लागते, म्हणून पुढची दोन्ही सीटं त्यांनी पाय लांब करायला घेतली. ताईला मागे पाठवलं. आपली पर्स मांडीवर, ताईची पर्सही मांडीवर. म्हणाल्या, हिच्याकडे काही राहत नाही, सगळं हरवते.

मोजणी केली. नेता पुढे असतो, म्हणून आधी स्वतःला एक धरला आणि शेवटपर्यंत मोजत गेलो.
एकोणचाळीस.
पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. अडतीस पाहिजेत. बसमध्ये कोणीतरी घुसलंय.

ड्रायव्हरला आम्ही उस्ताद म्हणतो. त्याला कानात सांगितलं. तो म्हणाला, कमी नाही ना? मग चल.

९.४०, रस्त्यावर.
उस्तादने दगा दिला. म्हणतो, म्हातारी माणसं आहेत, आधी लांबचं करू, येताना जवळचं. म्हणजे उलटा रस्ता! माझं सगळं डोक्यात सरळ बसलंय. मी माईक घेऊन म्हटलं, डाव्या हाताला बघा, चारशे वर्षांचा दगडी पूल. अडतीस माना डावीकडे. डावीकडे फर्निचरचं गोदाम. टोपीवाले आजोबा म्हणाले, सेल लागलाय वाटतं.

हे टोपीवाले आजोबा मला पहिल्यापासून संशयास्पद वाटतात. कुणाशी बोलत नाहीत. एकोणचाळिसावा हाच असणार.

११.३०, राणीच्या महालाबाहेर, झाडामागे.
मी सुरुवात पहिल्यापासून केली, कारण मधूनच सुरू केलं तर मला येत नाही. सांगितलं, हाच तो किल्ला जिथून हरलेल्या राजाने कड्यावरून उडी मारली. आवाज मस्त लागला होता. काकूंनी चारी बाजूंना पाहिलं. सगळीकडे गवत, सपाट, कापलेलं. म्हणाल्या, कुठून उडी मारली म्हणता? या ओट्यावरून?

मी म्हटलं, काकू, चारशे वर्षांत जमीन वर आली आहे.

कोणी हसलं. ताई हसली नाही. ती जमिनीकडे बघत होती, जणू तीच वर आली आहे.

१.१५, जेवणाची सुट्टी.
पुन्हा मोजलं. एकोणचाळीस. आता मात्र डोकं भणभणलं. टोपीवाल्या आजोबांना बाजूला घेऊन नम्रपणे विचारलं, आपण नक्की आमच्याच ग्रुपचे ना? तिकीट दाखवता का?

ते मुख्याध्यापक निघाले. छत्तीस वर्षं. त्यांनी तिकीट दाखवलं, ओळखपत्र दाखवलं आणि मग मला काय काय दाखवलं ते इथे लिहीत नाही. काकूंनी सगळं ऐकलं. ताईला म्हणाल्या, तुझा भाऊ माणसं हाकलायला ठेवलाय का गं?

हरकत नाही. पाण्यातला किल्ला सरळ मोजा नाहीतर उलट मोजा, दुसराच येतो. तिथे मी सगळं भरून काढणार.

३.२०, पाण्यातला किल्ला.
भरून काढलं!! नावेतून उतरल्यापासून एकही शब्द चुकला नाही. तळघर होतं तिथेच होतं. कैद्यांच्या साखळ्या होत्या तिथेच होत्या. आजोबांनीसुद्धा एकदा मान हलवली. मी झेंडा वर धरून जिने चढलो आणि सदतीस माणसं आणि एक घुसखोर मागे. बुरुजावर काकू म्हणाल्या, गाईडसाहेब, माझा एक फोटो काढा. साहेब! या वेळी टोमणा नव्हता. मी झेंडा कठड्याला टेकवला आणि पाच फोटो काढले.

ताई लांबून बघत होती. सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

४.०५, अलीकडचा धक्का.
झेंडा वर बुरुजावर राहिला. ताईच्या लक्षात आलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, काही बोलू नकोस, आईंना कळायला नको. ही नाव परत जातेय, मी पटकन जाऊन आणते. तू बस भर. मी म्हटलं, पळ.

अशी बहीण नशिबाने मिळते.

४.२०, बसमध्ये.
उस्ताद हॉर्न मारतोय. पार्किंगची वेळ संपली, मागे दोन बस उभ्या. काकूंनी उलटीची गोळी घेऊन डोळे मिटले. मी मोजायला उभा राहिलो. मी एक, काकू दोन, शेवटपर्यंत.

अडतीस!!!

पुन्हा मोजलं. अडतीस. तिसऱ्यांदा मोजलं. अडतीस! जुळलं! तो घुसखोर घाबरून किल्ल्यातच उतरला असणार. उस्तादला म्हटलं, काढ गाडी. घड्याळबुवाने मोजलं असतं तरी एवढं तंतोतंत आलं नसतं.

४.४०
सगळे पेंगतायत. आता फक्त डोंगरावरचा किल्ला. तिथे पूल आणि कडा दोन्ही असणार, आणि उडी पुन्हा सांगता येईल, या वेळी जागेवर.

पण काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय. खिसे बघितले. पेन आहे. किल्ली आहे. माईक आहे. झेंडा दिसत नाही. झेंडा कुठे ठेवला? हां, झेंडा ताईकडे आहे. ताई आणायला गेलीय.

ताई.

४.४३
मागे जाऊन बघितलं. ताईच्या सीटवर तिची शाल.

४.४५
हळूच फोन लावला, कुणाला कळायच्या आत. रिंग वाजली. बसमध्ये. पुढच्या सीटवर. काकूंच्या मांडीवर, ताईच्या पर्समध्ये. काकू दचकून उठल्या, फोन घेतला आणि म्हणाल्या, हॅलो. मी त्यांच्यापासून तीन हात अंतरावर उभा. काय सुचणार? म्हटलं, ताई आहे का?

काकू हळूहळू वळल्या. फोन कानालाच. म्हणाल्या, कुठे आहे ती?

अख्खी बस जागी झाली.

४.५०
शेवटची नाव पाचला. त्यानंतर किल्ल्याचा दरवाजा बंद, माणसं घरी. बेटावर दिवा नाही. हे सगळं मीच दुपारी रंगवून सांगितलं होतं, कैद्यांच्या गोष्टीसकट. आता सगळ्यांना पाठ आहे. एक आजी म्हणाल्या, साखळ्या अजून तशाच आहेत ना?

उस्ताद म्हणतो, रस्ता एकेरी आहे, वळायला अकरा किलोमीटर पुढे जावं लागेल. मी म्हटलं, रिव्हर्स घे. तो मराठीत नाही पण स्वच्छ बोलला.

४.५८
काकू रडत नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, पोराला मी काय सांगू? तुझी बायको तिच्या भावाने पाण्यात ठेवली? सकाळी त्या पोरीला मीच मागे बसवलं. पर्स मीच काढून घेतली.

मग टोपीवाले आजोबा पुढे आले. त्यांना मी पाणी दिलं, घेतलं नाही. म्हणाले, तू मोजताना सुरुवात कुठून करतोस? मी म्हटलं, माझ्यापासून. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, ती दहा मूर्खांची गोष्ट ऐकली आहेस का? नदी ओलांडून आले, मोजायला लागले, आणि जो तो स्वतःला सोडून मोजतो, म्हणून नऊच भरतात, म्हणून सगळे रडतात? मी म्हटलं, हो, शाळेत होती. ते म्हणाले, तू त्यांच्याही पुढे गेलास बाळा.

मी मनात मोजून बघितलं. आधी मला धरून. मग मला सोडून. मग पुन्हा.

एकोणचाळिसावा मी होतो.

५.०४
पाच वाजून गेले. बस अजून वळते आहे. देवा, पडदा मीच फाडला होता. हुक काढायचा कंटाळा केला आणि ओढला. सगळं कबूल. फक्त ती धक्क्यावर असू दे.

५.४०, धक्का.
बस थांबायच्या आत उडी मारली. खरोखरची उडी, इतिहासातल्यासारखी नाही. धक्का रिकामा. तिकिटाची खिडकी बंद. पाण्यावर काही नाही. मागून काकू अनवाणी उतरल्या, चप्पल बसमध्येच.

मी तिथे उभा राहून ताईला हाक मारली. मोठ्याने. लहानपणी गर्दीत चुकलो होतो तेव्हा मारली होती तशी.

मग बुरुजामागून पिवळं काहीतरी दिसलं. आधी झेंडा, मग नाव, मग ताई. नावेच्या टोकाला उभी, झेंडा सरळ वर. मागे चार म्हातारी माणसं, अनोळखी, वेगळ्याच भाषेतली.

नाव लागल्यावर कळलं. त्या चौघांचा ग्रुप त्यांना विसरून गेला होता. (म्हणजे असं होतं. सगळीकडे होतं.) ताई झेंडा घेऊन बुरुजावरून उतरायला लागली, तेव्हा झेंडा बघून ती चौघं मागे मागे आली. ताईने हाताने थांबा म्हटलं, थांबली. चला म्हटलं, चालली. पाचला नाववाला निघणार होता, पण त्यांचा नियम असा की झेंडेवाला गाईड चढल्याशिवाय शेवटची नाव सोडायची नाही. त्याला वाटलं, हीच गाईड. एका आजोबांचा गुडघा धरला होता, त्यांना तीन वेळा बसवत बसवत आणलं, म्हणून उशीर.

ताईने एकेकाला हात धरून उतरवलं. एक, दोन, तीन, चार. मग शेवटी स्वतः उतरली.

काकूंनी तिला धरलं आणि पाठीत एक धपाटा घातला आणि मग सोडलंच नाही.

मी पुढे झालो. ताईने झेंडा माझ्या हातात दिला. म्हणाली, धर. आता विसरू नकोस.

६.१०, परतीच्या वाटेवर.
डोंगरावरचा किल्ला बंद झाला. म्हणजे एका दिवसात दोन राजकिल्ले. ते चार जण दुसऱ्या बसची वाट बघत धक्क्यावर थांबले, निघताना ताईला हात हलवत होते.

बस हलायच्या आधी ताईनेच मोजलं. मागून पुढे, एकेकाच्या खांद्याला हात लावत. सदतीस, आणि शेवटी स्वतःच्या छातीला हात लावून अडतीस. मी म्हटलं, मला? म्हणाली, तुला कशाला मोजायचं? तू बसचा आहेस.

आता काकू ताईशेजारी बसल्या आहेत, पाय आखडून. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, काय गं, किती महिने झाले म्हणालीस तुझ्या भावाला गाईड होऊन? बसमध्ये इंजिनाचाच आवाज. ताईने माझ्याकडे बघितलं. मग काकूंकडे बघून म्हणाली, आजचा पहिला दिवस आहे आई. मीच तुम्हाला वाढवून सांगितलं.

तिने वाढवलं नव्हतं. वाढवलं मी होतं.

काकू म्हणाल्या, पहिला दिवस आहे, ते दिसलं हो.

१६ सप्टेंबर, सोमवार
ताईचा ग्रुप पुढच्या गावाला गेला. मालकीणबाई बोलत नाहीत. घड्याळबुवाला भेटायला गेलो. पाय उशीवर. म्हणाला, मोजलंस? मी म्हटलं, सहा वेळा. तो खूश झाला. बिचाऱ्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

नखं संपली.

१८ सप्टेंबर, बुधवार
आत्मपरीक्षण. चूक पूर्णपणे माझी नाही. उलटा रस्ता उस्तादचा, हॉर्न उस्तादचा. मोजणी तशी बरोबर होती, अडतीस माणसं बसमध्ये खरोखरच होती.

हे लिहून पुन्हा वाचलं. खोडलं नाही, पण वाचून बरंही वाटलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार
बाईंनी बोलावलं. टेबलावर अभिप्रायाचे फॉर्म, अडतीस. सगळे मराठीत. म्हणाल्या, मला वाचता येत नाहीत. तू वाच आणि काय लिहिलंय ते सांग. दुभाषा आहेस ना?

दार बंद होतं. खुर्ची दिली नाही.

पहिला फॉर्म: गाईडला इतिहासाचा गंध नाही. मी सांगितलं, इतिहास सुगंधी वाटला. दुसरा: गोदाम दाखवलं. मी सांगितलं, खरेदीची ठिकाणं आवडली. तिसरा मुख्याध्यापकांचा, दोन पानं, समास सोडून. मी सांगितलं, अक्षर छान आहे. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. बहुतेक त्यांना चेहऱ्याचीच भाषा कळत होती.

चौथा ताईचा. अक्षर ओळखलं. गाईडबद्दल मत, तिथे रेघ. सर्वात जास्त काय आवडलं, तिथे लिहिलं होतं: बस. काचा इतक्या स्वच्छ की काच आहे का ते हात लावून बघावं लागलं. सीटच्या फटीतसुद्धा धूळ नव्हती. ज्याने धुतली त्याचे हात मी पाहिले आहेत. त्याला कामावर ठेवा.

मला पुढचं वाचता येईना. बाई म्हणाल्या, काय लिहिलंय? मी ते जसंच्या तसं सांगितलं. मग आधीचे तीन परत उचलले आणि तेही जसेच्या तसे सांगितले. मुख्याध्यापकांची तर दोन्ही पानं. बाकीचे चौतीसही वाचले. सगळ्यांत माझी तक्रार. आणि एकवीस फॉर्मांत, मी मोजले, बस स्वच्छ होती असं. काकूंच्या फॉर्मातसुद्धा: बस बरी. गाईड बदला. सून परत मिळाली.

पायऱ्यांच्या पॉलिशचंही सांगून टाकलं. आणि पडद्याचं.

बाई खूप वेळ पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, पुढचा सीझन शेडमध्ये. परमिटचे कागद सोमवारी आणून दे. झेंड्याला हात लावलास तर हात तोडीन. आणि पायऱ्या साध्या पाण्याने पूस.

ताईला फोन केला. म्हटलं, ताई, मी गाईड नाही, बस धुतो. ती म्हणाली, माहीत आहे. दादाला तू सांगतोस की मी सांगू? मी म्हटलं, मीच सांगतो. उद्या. उद्या रविवार, तो घरी असतो. किंवा घरी असतो म्हणूनच सोमवारी.

२२ सप्टेंबर, रविवार
दुपारी २.००. अजून फोन केलेला नाही. दादा जेवत असेल.
३.०० आता झोपला असेल.
४.०५ केला.

काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, आठ मुद्दे. पहिलाच मुद्दा वाचला: मी इथे बस धुतो, आधीपासून तेच करतो. बाकीचे सात वाचायची वेळ आली नाही. मी आता दारात बॅग, दारात बॅग, असं ऐकायला तयार होऊन बसलो.

दादाने विचारलं, किती महिने झाले? मी म्हटलं, सात झाले. म्हणाला, एकाच ठिकाणी? मी म्हटलं, एकाच. म्हणाला, मधे सोडलं वगैरे नाहीस? नाही. वहिनीने मागून काहीतरी विचारलं, त्याने तिला थांब म्हटलं.

मग म्हणाला, बरं. आणि हातांना काहीतरी लाव, ताई सांगत होती.

म्हणजे ताईने आधीच सांगितलं होतं. आणि मी आठ मुद्दे काढत बसलो होतो.

संध्याकाळी एक नंबरची बस धुतली. रेकॉर्डिंग लावलं नाही. सीटं पुसत मागून पुढे आलो, एकेकाला हात लावत. चाळीस भरली. मला सोडून.